रुग्ण घरी जातो, फाईल उरते

क्लिनिकल आरोग्य माहिती व्यवस्थापन म्हणजे रुग्णावर झालेल्या उपचारांची नोंद पुरी करून घेणे, ती ठरलेल्या सांकेतिक भाषेत उतरवणे, लागेल तेव्हा हक्काच्या माणसाला देणे आणि इतर कोणाच्या हाती पडू न देणे. रुग्णालयात हे काम मेडिकल रेकॉर्ड विभागाकडे असते. त्याचे पूर्ण नाव सहसा कोणी घेत नाही. डॉक्टरांपासून वॉर्डातल्या मावशींपर्यंत सगळे त्याला ‘एमआरडी’ म्हणतात. जागा बहुधा तळघरात किंवा जिन्याखाली, जिथे दुसरे काही मावत नाही तिथे. रुग्णालयाच्या माहितीपत्रकात या विभागाचा फोटो नसतो. पण विम्याचा दावा अडला, कोर्टाचे समन्स आले किंवा सहा वर्षांपूर्वीचा रुग्ण पुन्हा दाखल झाला की सगळ्यांना आठवण याच विभागाची होते.

या कामात संगणक आहे, कायदा आहे, थोडी आकडेमोडही आहे. तरी मुळात हे वाचण्याचे काम आहे. डॉक्टरांचे अक्षर लावणे ही त्याची फक्त पहिली पायरी. लिहिलेल्या ओळीचा नेमका अर्थ काय, तिच्याशेजारी जी ओळ असायला हवी होती ती का नाही आणि दोन कागद एकमेकांशी जुळतात का, हे ज्याला दिसते तो या व्यवसायात टिकतो.

उदाहरणादाखल एक फाईल घेऊ. ६२ वर्षांची एक बाई बाथरूममध्ये पाय घसरून पडली. खुब्याचे हाड मोडले, दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली, आठव्या दिवशी ती घरी गेली. तिची फाईल एमआरडीत येते तेव्हा तिच्यात पाच-पन्नास कागद असतात: दाखल करतानाचा केस पेपर, संमतिपत्रे, भूलतज्ज्ञांचे टिपण, शस्त्रक्रियेचे टिपण, सिस्टरांनी भरलेले चार्ट, औषधांचा तक्ता, लॅबचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्डाची प्रत. आधी हे कागद ठरलेल्या क्रमाने लावले जातात. मग तपासणी सुरू होते. शस्त्रक्रियेच्या टिपणावर सर्जनची सही नाही. संमतिपत्रावर तारीख आहे, वेळ नाही. केस पेपरवर ‘डावा खुबा’ आहे आणि भूलतज्ज्ञांच्या कागदावर ‘उजवा’.

इथे नवख्याची परीक्षा होते. एक्स-रे पाहून बाजू डावी असल्याचे कळते, पेन हातात असते आणि दुरुस्ती एका शब्दाची असते. तरीही ती एमआरडीतल्या माणसाने करायची नाही. नोंद ज्याची, दुरुस्ती त्याची. चुकलेल्या शब्दावर एकच रेघ मारायची, म्हणजे खालचा शब्द वाचता येतो; शेजारी बरोबर शब्द, सही, तारीख आणि वेळ. व्हाइटनर या विभागात निषिद्ध. खाडाखोड झालेला कागद कोर्टात गेला तर चूक किती साधी होती हे कोणी विचारत नाही, काय लपवले असेल असे विचारतात. म्हणून त्रुटींची चिठ्ठी लावून फाईल त्या त्या डॉक्टरांकडे पाठवली जाते आणि मग पाठपुरावा सुरू होतो. तोवर निवासी डॉक्टरांची बदली दुसऱ्या युनिटला झालेली असते, सर्जन ओटीत असतात. गोड बोलून सही मिळवण्याचे कसब कुठल्याच अभ्यासक्रमात नाही, पण त्याशिवाय विभाग चालत नाही.

फाईल पुरी झाली की ती रॅकवर जाते. यातही एक युक्ती आहे. क्रमांक सरळ चढत्या क्रमाने लावले तर सगळ्या नव्या फाईली शेवटच्याच रॅकवर येतात आणि सगळी गर्दी तिथेच होते. म्हणून मोठ्या रुग्णालयांत क्रमांक शेवटून वाचतात. १४-२७-८३ ही फाईल आधी ८३ च्या कप्प्यात, तिथे २७ च्या गठ्ठ्यात आणि त्यात १४ व्या जागी. त्यामुळे १०० कप्प्यांवर भार सारखा वाटला जातो. फाईल बाहेर काढली की तिच्या जागी ट्रेसर कार्ड ठेवायचे: कोणी नेली, कधी, कशासाठी. चुकीच्या कप्प्यात गेलेली फाईल हरवल्यासारखीच असते; ती सापडते तेव्हा तिची गरज संपलेली असते.

रोगाचा आकडा

त्याच बाईच्या फाईलवर आता कोड चढवायचे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेचे रोगांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण, म्हणजे ‘आयसीडी’, हे या कामाचे मुख्य साधन. भारतातल्या रुग्णालयांत अजून प्रामुख्याने त्याची दहावी आवृत्ती वापरली जाते. तिचे तीन खंड आहेत: पहिल्यात कोडांची यादी, दुसऱ्यात नियम, तिसऱ्यात अकारविल्हे सूची. शिकणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात सांगितले जाते की सूचीत सापडलेला कोड तसाच उचलायचा नाही. पहिल्या खंडात जाऊन त्याच्याखालच्या ‘हे धरा’ आणि ‘हे वगळा’ या सूचना वाचायच्या.

बाईच्या खुब्यात मांडीच्या हाडाची मान मोडली, त्याचा कोड एस ७२.०. पण फक्त मोडलेले हाड नोंदवून भागत नाही, ते कशाने मोडले तेही हवे. घसरून किंवा अडखळून सपाट जागी पडणे म्हणजे डब्ल्यू ०१. जागा घरातली असेल तर तेही अंकात सांगता येते. सर्पदंशाच्या रुग्णालाही असेच दोन कोड लागतात: विषबाधेचा टी ६३.० आणि विषारी सापाशी संपर्क आल्याचा एक्स २०. पहिला कोड डॉक्टरांच्या उपयोगाचा. दुसरा उपयोगी पडतो तो सर्पदंशावरचे प्रतिविष कुठल्या तालुक्यात किती ठेवायचे हे ठरवणाऱ्याला.

या बाईला मधुमेहही आहे. डॉक्टरांनी ‘टाइप २ डायबेटिस’ असे लिहिले असेल तर कोड ई ११. घाईत नुसते ‘डीएम’ लिहिले असेल तर कोडरच्या हाती ई १४ उरतो, म्हणजे ‘प्रकार न सांगितलेला मधुमेह’. साठी उलटलेल्या बाईला टाइप २ च असणार, हा अंदाज बहुधा बरोबर ठरेल. पण अंदाज हे कोडरचे काम नाही. त्याने डॉक्टरांना विचारायचे. संक्षेपांचा घोळ याहून मोठा आहे. ‘एमएस’ म्हणजे हृदयाची झडप अरुंद होणारे मायट्रल स्टेनोसिस की मज्जासंस्थेचा मल्टिपल स्क्लेरोसिस? हृदयरोगाच्या वॉर्डातून आलेल्या कागदावर एक, न्यूरॉलॉजीच्या कागदावर दुसरा. शरीररचना, रोगशास्त्र आणि औषधांची नावे कोडरला का शिकवतात याचे उत्तर या दोन अक्षरांत आहे.

रोगांना अशी शिस्तीची नावे देण्याची गरज प्रथम मृत्यूंच्या नोंदींमुळे भासली. लंडनच्या जॉन ग्राँटने १६६२ साली तिथल्या साप्ताहिक मृत्यूयाद्यांवरून पुस्तक लिहिले, पण त्या याद्यांत एकाच रोगाला दहा नावे होती. १९ व्या शतकात विल्यम फार यांनी इंग्लंडच्या निबंधक कार्यालयात बसून वर्गीकरणाचा आग्रह धरला. १८९३ साली फ्रान्सचे जाक बर्टियाँ यांची मृत्यूकारणांची यादी आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्थेने स्वीकारली; आजच्या आयसीडीची ती पूर्वज. १९४८ मधली सहावी आवृत्ती जागतिक आरोग्य संघटनेने काढली आणि तेव्हापासून यादीत मृत्यूकारणांबरोबर आजारही आले. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आहे. तिच्यात आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी यांच्या रोगसंज्ञांचा भाग १० जानेवारी २०२४ रोजी दिल्लीत जाहीर झाला. त्यामुळे संस्कृत संज्ञा जाणणाऱ्या आयुर्वेद पदवीधरांना या क्षेत्रात एक नवे दार उघडले आहे.

मृत्यूच्या नोंदीत आजही बऱ्याच चुका होतात. रुग्णालयातल्या मृत्यूसाठी डॉक्टर नमुना ४ भरतात. त्यात आधी तात्काळ कारण, त्याखाली त्यामागचे, त्याखाली मूळ कारण अशी उतरंड असते. पायाला गँगरीन होऊन जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि माणूस गेला, तर वर सेप्टिसीमिया, मध्ये गँगरीन आणि तळाला मधुमेह. आकडेवारीत हा मृत्यू मधुमेहाच्या नावावर पडतो. प्रत्यक्षात अनेक फॉर्मांवर ‘कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट’ एवढेच लिहिलेले सापडते. हृदय आणि श्वास थांबणे ही मृत्यूची व्याख्या झाली, कारण नव्हे. असा फॉर्म परत पाठवणे हे एमआरडीचे काम. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली २०२३ ची दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. तेव्हापासून खासगी असो वा सरकारी, प्रत्येक रुग्णालयाने कारणाचा दाखला निबंधकाला विनामूल्य देणे आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला देणे बंधनकारक झाले आहे.

नोंदींतून काय उभे राहू शकते याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मुंबईची कर्करोग नोंदणी इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली सुरू केली. १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी उभी राहिली. बार्शीबरोबर शेजारचे परांडा आणि भूम हे तालुके तिच्या कक्षेत आले. शहरातली नोंदणी रुग्णालयांच्या कागदांवर चालते. इथे रुग्ण रुग्णालयापर्यंत पोचतच नव्हते, म्हणून कर्मचाऱ्यांनी गावोगाव फिरून लक्षणे असलेली माणसे शोधली. याच बार्शीतल्या कर्करोग रुग्णालयाने मुंबईचे टाटा मेमोरियल आणि एका आंतरराष्ट्रीय संस्थेसह त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची मोठी पाहणी केली. तीत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया होत्या. एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या तपासणीने या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हा तिचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला आणि जगभर वापरला गेला. कोणत्या गावातल्या कोणत्या स्त्रीला पुढे कर्करोग झाला, कोण त्यात गेली, हे वर्षानुवर्षे कोणीतरी नीट लिहून ठेवले नसते तर हा निष्कर्ष निघालाच नसता.

रुग्णालयाची रोजची आकडेवारी त्या मानाने साधी असते. रात्री १२ वाजता प्रत्येक वॉर्डातल्या रुग्णांची गणती होते. १०० खाटांच्या रुग्णालयात ३० दिवसांच्या महिन्यात ही बेरीज २,४०० आली, तर खाटा ८० टक्के भरलेल्या होत्या. सरासरी मुक्काम, मृत्यूदर, शस्त्रक्रियेनंतरचे संसर्ग हे आकडे याच पद्धतीने निघतात.

कोणाला द्यायचे, कोणाला नाही

२००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार दाखल रुग्णाची नोंद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपावी लागते आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितली तर ७२ तासांत द्यावी लागते. गोपनीयतेचे कारण पुढे करून रुग्णाला त्याचेच कागद नाकारता येत नाहीत, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ सालीच सांगितले होते. तरी आजही अनेक नातेवाइकांना ‘उद्या या’ ऐकावे लागते.

प्रत्येक कागदाचे आयुष्य मात्र वेगळे. सोनोग्राफीचा एफ फॉर्म गर्भलिंगनिदान प्रतिबंधक नियमांनुसार दोन वर्षे ठेवायचा. गर्भपाताचे प्रवेश रजिस्टर गुप्त दस्तऐवज मानले जाते. शेवटच्या नोंदीपासून पाच वर्षांनी ते नष्ट करायचे असते. अपघात, मारहाण, विषबाधा अशा ‘एमएलसी’ फाईली खटला संपेपर्यंत हलवायच्या नाहीत आणि त्या कुलपात ठेवायच्या. एचआयव्हीबाबतची माहिती २०१७ च्या स्वतंत्र कायद्याने सुरक्षित आहे. त्यातच २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. काउंटरवर मात्र प्रश्न साध्या रूपात समोर येतो. नवरा बायकोचा रिपोर्ट मागतो, मालक कामगाराचा, ओळखीचा नगरसेवक कोणाचा तरी. लेखी संमतीशिवाय नाही म्हणायचे, आणि भांडण न होऊ देता म्हणायचे.

पैशाचा मार्गही फाईलमधूनच जातो. विमा कंपनीचा टीपीए, म्हणजे दावे तपासणारा मध्यस्थ, किंवा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा तपासनीस रुग्णाला पाहत नाही, कागद पाहतो. शस्त्रक्रियेआधीचा एक्स-रे जोडलेला नाही, दाखल झाल्याची वेळ दोन ठिकाणी वेगळी आहे, एवढ्यावर ‘क्वेरी’ येते आणि रक्कम अडते. योजनेच्या काउंटरवरचा आरोग्यमित्र आणि एमआरडी यांचे जमले नाही तर त्रास रुग्णाला होतो.

अमेरिकेचे कोड, नवी मुंबईची रात्रपाळी

महाराष्ट्रात ‘मेडिकल कोडिंग’ म्हटले की तरुणांच्या डोळ्यांसमोर पुणे किंवा नवी मुंबईतले काचेचे ऑफिस येते. ते काम अमेरिकी रुग्णालयांच्या बिलांसाठी चालते. अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ रोजी आयसीडीच्या नवव्या आवृत्तीवरून दहावीच्या स्वतःच्या रूपावर उडी घेतली आणि निदानाचे कोड सुमारे १४ हजारांवरून सुमारे ७० हजारांवर गेले. आपल्या त्याच बाईचा एस ७२.० तिथे सात चिन्हांचा होतो: डाव्या बाजूला एस ७२.००२ए, उजव्या बाजूला एस ७२.००१ए. शेवटचे अक्षर उपचाराचा टप्पा सांगते. फाईलमधल्या ‘डावा-उजवा’ घोळाची किंमत इथे थेट डॉलरमध्ये कळते.

या कामासाठी एएपीसी या अमेरिकी संस्थेची सीपीसी परीक्षा सर्वाधिक चालते: चार तास, १०० प्रश्न, उत्तीर्ण होण्यास ७० टक्के. अनुभव नसलेल्याच्या प्रमाणपत्रावर उमेदवारीची खूण लागते, ती अनुभव मिळाल्यावर निघते. जीवशास्त्र, फार्मसी, नर्सिंग, फिजिओथेरपी, बीएएमएस, बीएचएमएस झालेली मुले इकडे मोठ्या संख्येने वळतात. पगार लहान रुग्णालयापेक्षा बरा, घरून कामाची सोय, वातानुकूलित जागा. त्याच्या बदल्यात दिवसाला ठरलेल्या चार्टांचे टार्गेट आणि चुकांवर बारीक नजर. आणि रुग्ण कधीच दिसत नाही. सरळ, ठरीव चार्ट आता संगणक प्रणाली स्वतः कोड करू लागल्या आहेत. माणसाकडे तपासणी आणि गुंतागुंतीची प्रकरणे उरत आहेत. ज्याने नुसते कोड पाठ केले त्याची अडचण होणार, ज्याला चार्ट वाचता येतो त्याची नाही.

भारतातली वाटही आता कागदावर थांबलेली नाही. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले. त्यात नागरिकाला ‘आभा’ हा १४ अंकी क्रमांक मिळतो आणि त्याच्या संमतीने एका रुग्णालयातली नोंद दुसऱ्याला पाहता येते. त्यासाठी दोन्हीकडचे संगणक एकच भाषा बोलायला हवेत. एकाने ‘हार्ट अटॅक’, दुसऱ्याने ‘एमआय’ लिहिले तरी स्नोमेड सीटी या शब्दप्रणालीत दोन्हींचा क्रमांक एकच, २२२९८००६. भारत या प्रणालीचा सदस्य असल्याने ती देशात मोफत वापरता येते, आणि तिच्यासह नोंदींच्या इतर मानकांसाठीचे राष्ट्रीय केंद्र पुण्यातल्या सी-डॅकमध्ये आहे.

शिक्षण

केंद्र सरकारच्या सेंट्रल ब्युरो ऑफ हेल्थ इंटेलिजन्सतर्फे मेडिकल रेकॉर्ड ऑफिसरचे एक वर्षाचे आणि टेक्निशियनचे सहा महिन्यांचे प्रशिक्षण दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय आणि पुदुच्चेरीचे जिपमेर येथे दिले जात आले आहे. मणिपालसारख्या विद्यापीठांत या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याने आरोग्य माहिती व्यवस्थापन हा स्वतंत्र व्यवसायगट मानला आहे. त्यानुसार संलग्न व्यावसायिकाच्या पदविका-पदवीला किमान २,००० तासांचे आणि पूर्ण आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीला किमान ३,६०० तासांचे शिक्षण लागते. ‘तीन महिन्यांत मेडिकल कोडर’ अशा जाहिराती वाचताना हे आकडे लक्षात ठेवलेले बरे.

दहावी-बारावी किंवा पदवीनंतर लहान रुग्णालयात रेकॉर्ड क्लार्क म्हणून लागलेला माणूस टेक्निशियन, ऑफिसर आणि मोठ्या रुग्णालयात विभागप्रमुख होऊ शकतो. सुरुवातीचा पगार मात्र रिसेप्शनवरच्या माणसाइतकाच असतो आणि काही ठिकाणी बराच काळ तसाच राहतो. एनएबीएच हे रुग्णालयांच्या दर्जाचे मानांकन हवे असलेल्या रुग्णालयांत परिस्थिती बरी आहे, कारण तिथे नोंदी चोख नसतील तर तपासणीत गुण जातात.

अभ्यासक्रमाची फी भरण्याआधी संस्थेला एकच प्रश्न विचारावा: खऱ्या रुग्णालयाच्या एमआरडीत, खऱ्या फाईली हाताळत किती आठवडे काढायला मिळतील? उत्तर टाळले गेले तर फी भरू नये.